ओट्यावरचा ग्रॅनाइट आणि अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या प्लेटा

ऐरोलीहून एका गृहस्थांनी विचारलंय. नव्या फ्लॅटच्या ओट्यासाठी ते दगड बघायला गेले होते. दुकानदाराने एक तांबूस-गुलाबी स्लॅब दाखवून ‘हा इरकलचा’ असं सांगितलं. सोबतची मुलगी भूशास्त्र शिकते. ती म्हणाली, हा अडीचशे कोटी वर्षांचा असणार, आणि ग्रॅनाइट तयार होतो तो प्लेटा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकते तुकडे, एकमेकींवर आदळतात तिथे. तेव्हापासून यांच्या डोक्यात तीन प्रश्न आहेत. कर्नाटकच्या त्या सपाट मुलखात तेव्हा हिमालयासारखं काही होतं का? इतक्या जुन्या काळी प्लेटा होत्या तरी का? आणि आपल्या पारसिकच्या डोंगरात हा दगड का नाही, तो पाच-सहाशे किलोमीटरवरून का आणायचा?

मी ठाण्यातच राहतो, पण नोकरीची बरीच वर्षं कर्नाटकातल्या, आम्ही ‘धारवाड’ म्हणतो त्या जुन्या खडकांच्या प्रदेशात नकाशे करण्यात गेली. शेवटचा प्रश्न आधी घेतो, तो सोपा आहे.

पारसिक, येऊर, खारघर, मुंब्र्याचा डोंगर, हे सगळं सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेल्या लाव्ह्याचं आहे. तो थरावर थर साचून थिजला, त्याचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, झाला. 1916 साली सुरू झालेला पारसिकचा बोगदा याच कातळातून काढलाय. लाव्हा उघड्यावर आला की भराभर थंड होतो, स्फटिकांना वाढायला वेळच मिळत नाही, म्हणून हा दगड बारीक कणांचा आणि एकसारखा काळपट दिसतो. ग्रॅनाइट याच्या उलट. तो जमिनीखाली काही किलोमीटर खोलीवर सावकाश, लाखो वर्षं घेत थिजतो. तुमच्या स्लॅबमधला फेल्स्पारचा गुलाबी दाणा नखाएवढा आहे, तो या सवडीमुळे.

पण ग्रॅनाइट आपल्याकडे नाहीच असं नाही. तो खाली गाडलेला आहे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतलं तेव्हा साधारण 340 मीटर बेसाल्ट संपल्यावर जुना पाया लागला. कोयनेला भूकंपांच्या अभ्यासासाठी जी खोल बोअर झाली त्यांत 900 मीटरहून थोडं जास्त बेसाल्ट, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट आणि नाइस. नाइस म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा, ग्रॅनाइटचाच भाऊबंद. सह्याद्री म्हणजे एका फार जुन्या घरावर टाकलेला नवा काळा स्लॅब आहे, आणि जुनं घर बघायचं तर तो जिथे संपतो तिथे जावं लागतं: देगलूर, गोंदिया, मालवण, नाहीतर सरळ कर्नाटक. इरकल म्हटल्यावर आपल्या आयांना लुगडं आठवतं. ते ज्या इळकलचं, त्याच गावाच्या आसपासच्या खाणींतून हा दगड येतो. पूर्व धारवाडातले बहुतेक ग्रॅनाइट 250 ते 260 कोटी वर्षांचे आहेत, तेव्हा मुलीचा आकडा बरोबर आहे.

जाता जाता एक सांगतो, कारण दुकानात फसगत होते ती इथे. ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बहुतेक ग्रॅनाइट नसतंच. ते डोलेराइट किंवा गॅब्रो असतं, म्हणजे रक्ताने बेसाल्टच्या घरातलं. ग्रॅनाइटमध्ये भरपूर असतो तो क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, यात असलाच तर नावापुरता. फसवणूक म्हणायची तर ती फक्त नावाची, ओटा उत्तम होतो. बेंगळूरुच्या भोवतालच्या जुन्या ग्रॅनाइट-नाइसना काळ्या डोलेराइटच्या भिंती छेदून जातात, त्यातल्या बऱ्याच सुमारे 237 कोटी वर्षांच्या. आणि पूर्वीच्या चाळींत ओट्याला असायचा तो कडप्पा तर चुनखडक. त्यावर लिंबू सांडलं की चट्टा पडतो, ग्रॅनाइटवर पडत नाही.

आता मुलीचं दुसरं वाक्य: ग्रॅनाइट प्लेटांच्या टकरीत तयार होतो. हे अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर आमच्या क्षेत्रात पन्नास वर्षं भांडण चालू आहे.

ग्रॅनाइट व्हायला लागतं काय? आधीच असलेला एखादा योग्य खडक, उष्णता, आणि थोडं पाणी. फ्रँक टटल आणि नॉर्मन बोवेन यांनी 1958 मध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं की क्वार्ट्झ आणि दोन्ही फेल्स्पार (पोटॅशियमचा आणि सोडियमचा) यांचं मिश्रण पाण्याच्या दाबाखाली 700 अंशांच्याही आत वितळू लागतं, आणि त्या पहिल्या वितळीची घडण निसर्गातल्या ग्रॅनाइटशी जुळते. त्याआधी ग्रॅनाइट शिलारसातून, म्हणजे वितळलेल्या खडकातून, होतो की खडक जागच्या जागी बदलून होतो यावर मोठमोठे लोक एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. तो वाद इथे उकरत नाही.

मुद्दा असा की उष्णता कुठूनही येऊ शकते. भूकवच जाड झालं की आतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांनी ते स्वतःच तापतं. खालून बेसाल्टचा रस येऊन टेकला तरी तापतं. कवचाचं जड बूड सुटून खाली बुडालं आणि तिथे प्रावरण, म्हणजे कवचाखालचा गरम थर, वर आलं तरी तापतं. तळाच्या खडकाला यातलं कारण कुठलं ते कळत नाही. त्याला फक्त अंश कळतात.

आजच्या पृथ्वीवर या जागा वेगवेगळ्या दाखवता येतात. लडाखला गेलात तर लेहच्या उत्तरेला जी करड्या खडकाची रांग आहे, ती सागरी प्लेट आशियाच्या कडेखाली बुडत होती तेव्हाची, बहुतांश पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीची. गोमुखच्या पुढे तपोवनात उभं राहून शिवलिंग शिखर पाहिलं असेल, तर त्याचा पांढुरका ग्रॅनाइट टकरीनंतरचा. दोन खंड एकमेकांवर चढले, कवच दुप्पट जाड झालं, गाळाचे जुने खडक पोटात वितळले. म्हणून त्यात पांढरं अभ्रक आणि काळं टूर्मलिन. राजस्थानात जालोर-सिवानाचे ग्रॅनाइट सुमारे 75 कोटी वर्षांचे, आणि घडणीवरून पाहिलं तर ते प्लेटेच्या कडेपेक्षा ताणलेल्या खंडाच्या पोटातले वाटतात.

यावरून लोकांना वाटलं, मग रसायनावरून जागा ओळखता येईल. 1974 मध्ये चॅपेल आणि व्हाइट यांनी ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅनाइटांची दोन घराणी पाडली, एक अग्निजन्य खडक वितळून झालेलं, दुसरं गाळाचे खडक वितळून. लक्षात घ्या, ही विभागणी जागेवरून नव्हती, मूळ खडकावरून होती. 1984 मध्ये पिअर्स आणि सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. रुबिडियम एका अक्षावर, यट्रियम आणि निओबियमची बेरीज दुसऱ्यावर, आणि आलेखात घरं आखलेली: ज्वालामुखी कमानीचे (म्हणजे बुडणाऱ्या प्लेटेच्या वर उठणाऱ्या ज्वालामुखींच्या रांगेचे), टकरीचे, प्लेटेच्या पोटातले, सागरी कटकाचे. नमुना प्रयोगशाळेत द्या, आकडे घ्या, ठिपका टाका, पत्ता मिळाला! मुलीच्या कॉलेजात हाच आलेख शिकवत असणार. वाईट नाही तो. नव्या, बाकी माहिती असलेल्या ग्रॅनाइटांसाठी आखलेला आहे, आणि त्यांच्यावर चालतो.

माझी त्याने कशी जिरवली ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला रामनगरच्या बाजूचे वीस-बावीस नमुने मी त्या आलेखात टाकले. सगळे ठिपके कमानीच्या घरात, अगदी शहाण्या मुलांसारखे. मी लगेच दोन पानं लिहिली की 250 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्राचा तळ खंडाखाली बुडत होता. माझे वरिष्ठ काही बोलले नाहीत. त्यांनी शेजारच्याच टेकडीवरच्या नाइसचे आकडे काढले, तो दगड माझ्या ग्रॅनाइटपेक्षा निदान 40-50 कोटी वर्षांनी जुना, आणि त्याच आलेखात टाकले. तेही कमानीच्या घरात. “आता हा नाइस नुसता तापवून वितळवला तर रस कुठल्या घरात जाईल?” त्यांनी विचारलं. अर्थात त्याच घरात. मग खाली प्लेट बुडत असो, बेसाल्ट येऊन टेकलेला असो, की कोणी शेगडी लावलेली असो. ती दोन पानं मी त्याच संध्याकाळी फाडली.

ग्रॅनाइट मूळ खडकाचा वारसा घेऊन येतो. निओबियमची तूट, यट्रियमचा अभाव, या ज्या ‘कमानीच्या खुणा’ म्हणतात त्या आजीकडून आईकडे आणि आईकडून नातीकडे येतात. पिठलं बेसनाचं आहे की कुळथाचं हे घास घेतल्यावर कळतं. ते गॅसवर झालं की इंडक्शनवर, हे चवीवरून सांगता येत नाही. चुलीवरचं ओळखू येतं म्हणणारे भेटतात, कबूल. आमच्यातही भेटतात.

तर मग जुन्या काळाबद्दल बोलायचं कशाच्या जोरावर? मी सगळ्यांत आधी काळाबरोबर दगड कसा बदलत गेला ते बघतो.

बेंगळूरुच्या लालबागेत केंपेगौडांचा मनोरा ज्या खडकावर उभा आहे तो पाहिला असेल. तो सुमारे 300 कोटी वर्षांचा नाइस. या खडकाला ‘पेनिन्शुलर नाइस’ हे नाव म्हैसूर संस्थानच्या भूगर्भ खात्याच्या स्मीथ यांनी 1916 मध्ये दिलं. त्यात तुमच्या स्लॅबसारखा गुलाबीपणा जवळपास नाही. राखाडी आहे, कारण पोटॅशियम कमी आणि सोडियम जास्त. 300 कोटींच्या आधीचे जगभरातले ‘ग्रॅनाइट’ बहुतांश असे राखाडी असतात. शुद्ध भाषेत ते ग्रॅनाइट नव्हेतच, टोनालाइट आणि ट्रॉन्डजेमाइट म्हणायला हवेत. आम्ही तिघांची आद्याक्षरं घेऊन टीटीजी म्हणतो, तिसरा ग्रॅनोडायोराइट. हे होतात ओला बेसाल्ट खोलवर वितळून. तिथे त्या बेसाल्टचं रूपांतर होताना गार्नेट हे खनिज तयार होतं आणि ते यट्रियमला सावकारासारखं धरून बसतं. रस वर निघून जातो, यट्रियम खालीच राहतं. म्हणून राखाडी दगडात यट्रियम कमी दिसलं की आम्ही म्हणतो, हा 30-40 किलोमीटर किंवा त्याहून खोलवरून आलाय.

पण बेसाल्ट इतक्या खाली पोचला कसा? आज तो बुडणाऱ्या प्लेटेबरोबर जातो. तेव्हा दुसरी सोय होती. पोटॅशियम-40 चं अर्धायुष्य 125 कोटी वर्षं. 250 कोटी वर्षं मागे गेलात की ते आजच्या चौपट होतं, हे पोरंही तोंडी सांगतील. युरेनियम-235 तर दहापटीहून जास्त. सगळी मूलद्रव्यं धरून आतली उष्णता आजच्या जवळपास दुप्पट, आणि आणखी मागे गेलं तर आणखी जास्त. गरम प्रावरणातून बेसाल्टही जास्त निघणार. आज समुद्राखालचं कवच सहा-सात किलोमीटर जाड असतं. तेव्हा ते वीस-तीस किलोमीटर जाड असणं सहज शक्य आहे. इतका जाड ढीग स्वतःच्याच ओझ्याने बुडाशी वितळतो आणि त्याचा जड चोथा खाली ठिबकतो. प्लेट बुडवायची गरजच नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागाचा नकाशा पाहिला की मला हे पटतं. ग्रॅनाइटचे पन्नास-पन्नास किलोमीटरचे, काही त्याहून मोठे गोल घुमट, आणि त्यांच्या मधल्या फटींत खाली ओघळलेला हिरवट लाव्हा. त्यात लांबलचक डोंगररांग नाही, सरळ शिवण नाही. हलकं वर आलं आणि जड खाली गेलं, जसं आमटीला उकळी फुटते तसं. पिलबाराच्या या खडकांचं वय 320 ते 350 कोटी आहे.

आणि मग 270 ते 250 कोटींच्या दरम्यान दगड बदलतो. राखाडीच्या जागी गुलाबी येतो, पोटॅशियम वाढतं. त्याच वेळी एक विचित्र पाहुणा मोठ्या प्रमाणात दिसू लागतो, सॅनुकिटॉइड. जपानच्या शिकोकू बेटावरच्या सानुकी प्रांतावरून हे नाव आलं. यात मॅग्नेशियम भरपूर, ते फक्त प्रावरणातून येऊ शकतं. आणि पोटॅशियम, बेरियमही भरपूर, ती खंडाची मिळकत. दोन्ही एकाच दगडात म्हणजे खंडाचं काहीतरी आधी खाली प्रावरणात मुरलं होतं, आणि मग ते प्रावरण वितळलं. वरचं खाली नेणारी काही तरी यंत्रणा तोवर चालू झाली होती. ठिपक्यांच्या घरांपेक्षा हा पुरावा मला कितीतरी भक्कम वाटतो.

तुमचा दगड या बदलाच्या काळातला. त्याच्याच पिढीचा सगळ्यांत देखणा नमुना म्हणजे क्लोजपेट ग्रॅनाइट. क्लोजपेट हे रामनगरचं ब्रिटिशकालीन नाव. दक्षिणोत्तर सुमारे 400 किलोमीटर लांब आणि रुंदीला जेमतेम वीस-तीस. त्याची गंमत अशी की नंतर तो सगळा प्रदेश कलला. दक्षिणेला कब्बलदुर्गच्या बाजूला मूळ वीस-पंचवीस किलोमीटर खोलीवरचे खडक उघडे पडलेत, आणि उत्तरेकडे जाऊ तसे वरचे वरचे. म्हणजे गाडीने उत्तरेला जाताना आपण शिलारसाच्या जिन्याने वर चढत असतो. खाली नाइस वितळून रसाच्या शिरा फुटताहेत, तो दगड आहे की रस हे बोट ठेवून सांगता येत नाही. मध्ये एकाच दिशेला माना केलेले फेल्स्पारचे मोठे स्फटिक, वाहता रस थिजल्यासारखे. वर स्वच्छ, कडा असलेले ग्रॅनाइटचे गोळे.

हा पट्टा का तयार झाला? एका गटाचं म्हणणं, पूर्वेकडून समुद्रतळ बुडत होता. दुसऱ्याचं, खालून गरम प्रावरणाचा झोत आला. मी दोन्ही बाजूंच्या लोकांबरोबर त्याच टेकड्यांवर डबे खाल्लेत. तोच दगड बघून दोघं उलटं बोलतात आणि दोघांचे आकडे बरोबर असतात. मी आता इतकंच म्हणतो: 250 कोटींच्या सुमाराला काहीतरी खाली बुडत होतं, पण आजच्यासारखं लांब, थंड आणि सलग नाही. आजच्यासारखं थंड बुडणं झालं की निळसर ब्लूशिस्ट खडक तयार होतात, आणि ते ठळकपणे दिसतात ते गेल्या 80 कोटी वर्षांत. 320 कोटींच्या मागे मात्र प्लेटा होत्या असं कोणी ठामपणे म्हटलं की मी चहा मागवतो.

हिमालयाचं विचारलंत. तेवढा उंच डोंगर तेव्हा तिथे नसणार. उंच डोंगराला खालून धरून ठेवायला थंड, ताठ कवच लागतं. ते कवच गरम आणि मऊ होतं. जाड झालं की कडेने पसरायचं, वर चढायचं नाही.

वय कसं कळतं, हेही अनेक जण विचारतात. पाच-सात किलो दगड कुटून, पाण्यात चाळून, जड द्रावणात बुडवून शेवटी झिरकॉन या खनिजाचे चिमूटभर कण उरतात. एक कण मिलिमीटरच्या दशांशाएवढा. ते सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक वेचायचे, आणि त्या वेळी खोलीत पंखा लावायचा नाही. झिरकॉन जन्मताना युरेनियम आत घेतो, शिसं घेत नाही, त्यामुळे नंतर साचलेलं शिसं म्हणजे घड्याळ. काही कणांना आत वेगळा, जुना गाभा निघतो. कडेला 250 कोटी, गाभ्यात 300 च्या पुढचे. वरिष्ठांनी मला आलेखावर जे दाखवलं होतं तेच एका कणात कोरलेलं.

माझ्या स्वतःच्या ओट्याची गोष्ट सांगून थांबतो. घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात मी दगड बघत होतो. मागच्या रांगेत एक राखाडी-गुलाबी स्लॅब भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. “तो नका घेऊ साहेब, डाग आहे,” दुकानदार म्हणाला. डाग म्हणजे तळहाताएवढा काळपट गोळा. कडा ढगासारख्या, आणि त्या कडेवर दोन गुलाबी फेल्स्पार अर्धे काळ्यात, अर्धे करड्यात. काळा भाग दगडाचा तुकडा असता तर कडा तुटक्या असत्या. स्फटिक त्याच्यात शिरलाय म्हणजे तो त्या वेळी रस होता: प्रावरणातून आलेला काळा रस आणि खंडाचा गुलाबी रस, दोन्ही एकाच वेळी पातळ. सॅनुकिटॉइडबद्दल वर जे लिहिलं त्याची चव त्या डागात आहे. मी तो मागितला. दुकानदाराने चौरस फुटाला चाळीस रुपये कमी लावले आणि सौ. ने आठवडाभर अबोला धरला. आता पाहुणे आले की तीच त्यांना डाग दाखवते.

तुम्ही इरकलचाच घ्या, टिकाऊ आहे. फक्त सिंकसाठी कारागीर जो चौकोन कापून काढतो तो त्याला नेऊ देऊ नका. मुलीला द्या. पॉलिश केलेली बाजू नको, कापलेली कड ओली करून भिंगाखाली धरायला सांगा. राखाडी काचेसारखा तो क्वार्ट्झ, गुलाबी तो पोटॅशियमचा फेल्स्पार, काळ्या चकत्या अभ्रकाच्या. त्या चकत्यांत कुठे बारीक टिंब आणि त्याभोवती गडद वलय दिसतं, ते झिरकॉनच्या किरणोत्साराने जळलेलं. मात्र त्यासाठी पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागेल, नुसत्या भिंगाने दिसायचं नाही.